पांढरा ट्रे

बसलेलं इंजिन गॅरेजात आलं की आधी टेबलावर दोन ट्रे मांडायचे, एक पांढरा आणि एक लाल, अशी तिथली रीत होती. इंजिन उघडून एकेक भाग धुवायचा, तपासायचा, पुन्हा बसवण्याजोगा असेल तर पांढऱ्या ट्रेत ठेवायचा, नसेल तर लाल ट्रेत टाकायचा. लाल ट्रेतलं सगळं मोडीत. ही रीत दोघा भावांच्या वडिलांनी घातली आणि तिला एक शेपूटही जोडून ठेवलं. पांढऱ्या ट्रेत वस्तू ठेवायचा अधिकार फक्त मुख्य मिस्त्रीचा, आणि त्याने ठेवलेली वस्तू दुसऱ्या कुणी उचलायची नाही. वडील गेले, ट्रेंचा रंग तीनदा उडाला आणि तीनदा दिला, पण ते शेपूट कुणी तोडलं नाही. आता मुख्य मिस्त्री दादा होता. धाकट्याला सेहेचाळिसावं लागलं होतं, लेथ आणि ग्राइंडरवर त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, तरी घरात आणि गॅरेजात तो धाकटाच होता आणि त्याचा हात लाल ट्रेपर्यंतच पोचत होता.

दादाला लोक कानसेन म्हणत, माघारीही आणि तोंडावरही. गाणारा तानसेन होता म्हणे, हा ऐकणारा. वडिलांचा एक छोटा हातोडा त्याच्याकडे होता. इंजिनातला दांडा दोरीला टांगायचा, हातोड्याने हलकेच टोला द्यायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. चांगलं पोलाद घंटेसारखं वाजतं आणि वाजत राहतं. आत केसाएवढी चीर असली तर तेच पोलाद ठप करून गप्प होतं. दुसरीही एक परीक्षा होती, खडू आणि रॉकेलची. भाग रॉकेलमध्ये भिजवायचा, कोरडा पुसायचा, वर खडू फासायचा. चिरेत दडलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. ही परीक्षा शेंबड्या पोरालाही जमते, पण अर्धा दिवस खाते. ज्याला देवाने कान दिले नाहीत त्याने खडू वापरावा, असं दादा म्हणायचा आणि सगळे हसायचे.

त्या कानांना गेली दोन वर्षं नीट ऐकू येत नव्हतं.

हे आधी वहिनीच्या लक्षात आलं, मग धाकट्याच्या. बारीक, उंच आवाज पहिले गेले. कुकरची शिट्टी, फोनची घंटी, नातीचं बोलणं. वहिनी एकदा म्हणाली की आपण सांगून उपयोग नाही, कान सोनारानेच टोचावेत, कुणीतरी डॉक्टरकडे न्या. धाकटा म्हणाला, नेतो. न्यायचं राहिलं. ज्या माणसाचं सगळं नाव कानांवर उभं आहे त्याला कानांबद्दल काय सांगायचं, आणि कोणत्या तोंडाने? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून सगळ्यांनी मिळून मूठ झाकली. घरात जो तो थोडा थोडा मोठ्याने बोलू लागला. गॅरेजातला फिटर मुळात इतका हळू बोलायचा की गिऱ्हाइकं वैतागायची. दोन वर्षांत त्याचं नाव भोंगा पडलं. धाकटा दादाच्या उजव्या बाजूला उभा राहायला शिकला, कारण तो कान जरा बरा होता. कुणी काही बोललं आणि दादाचा चेहरा कोरा राहिला, की धाकटा तेच पुन्हा मोठ्याने सांगायचा. सांगताना थोडं गोड करायचा. गिऱ्हाईक चिडून म्हणालं, "अजून किती दिवस लावणार?" तर धाकटा म्हणायचा, "दादा, ते विचारतायत, कधी येऊ?" अशा मायेने सगळं चाललं होतं, आणि त्यामुळे दादाला कळायचं काही कारणच उरलं नाही. त्याला वाटत होतं, आपले कान वडिलांसारखेच म्हातारपणापर्यंत शाबूत राहिले.

दाजींच्या लाँचचं इंजिन पहिल्यांदा आलं ते वर्षभरापूर्वी. दाजी म्हणजे ताईचा नवरा. ताई दादाच्या पाठची आणि धाकट्याहून मोठी. नवरा-बायको नदीवर लाँच चालवत, माणसं या काठावरून त्या काठावर नेत. दाजी चाक धरायचे, ताई तिकिटं फाडायची आणि रोज सकाळी इंजिनातलं तेल बघायची. इंजिन जुनं झालं होतं, म्हणून उघडलं, धुतलं, भाग ट्रेत लावले. पिस्टनला क्रँकशी जोडणारा जो हातभर दांडा असतो त्याला गॅरेजात नुसतं कनेक्टिंग म्हणतात. असे चार होते. दादाने एकेक टांगून वाजवला. तीन टणटणले. चौथा ठप झाला.

धाकटा चार पावलांवर लेथपाशी उभा होता. त्याला स्वच्छ ऐकू आलं. दाजीही तिथेच होते, पण ते त्याच वेळी भोंग्याची थट्टा करत होते, आणि तसंही त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. दादाने डोळे मिटले, उघडले, "छान आहे," म्हणाला आणि चौथा कनेक्टिंग पांढऱ्या ट्रेत ठेवला.

तेव्हा धाकट्याने काय करायला हवं होतं हे आपण बसल्या जागी सांगू शकतो. त्याने मनात दहा कारणं शोधली. दोरी नीट नसेल बसली. लेथचा आवाज मध्ये आला असेल. सगळ्यांसमोर, जावयासमोर, दादाला खोटं कसं पाडायचं? संध्याकाळी एकटं गाठून सांगू. संध्याकाळी दादा खुशीत होता, वहिनीने गोड केलं होतं, आणि धाकटा मूग गिळून जेवला. दुसऱ्या दिवशी सगळे भाग बसवून इंजिन बंद केलं. बंद झालेल्या इंजिनाबद्दल बोलणं म्हणजे ते पुन्हा उघडणं, म्हणून तो तिसऱ्या दिवशीही बोलला नाही, आणि मग महिने गेले.

सहा आठवड्यांपूर्वी, भर दुपारी, नदीच्या मधोमध इंजिनात काहीतरी ठोके देऊ लागलं. दाजींनी ताईच्या हातात चाक दिलं. "एक मिनिट धर, काहीतरी वाजतंय," म्हणाले आणि खाली इंजिनापाशी गेले. कान लावून ऐकायचं त्यांना दादानेच शिकवलं होतं. ते वाकले असतानाच चौथा कनेक्टिंग तुटला, इंजिनाचं ओतीव कवच, म्हणजे ब्लॉक, फोडून बाहेर आला आणि त्यांच्या छातीत बसला. लाँचमध्ये एकवीस माणसं होती. ताई त्या बंद लाँचचं चाक धरून तशीच उभी राहिली, दुसरी लाँच येईपर्यंत. खाली जाऊन बघायला तिला पाऊण तासाने मिळालं.

तपासनीस आला, त्याने तेलाची पट्टी काढून पाहिली, कोरडी होती, आणि त्याने लिहिलं की तेल संपल्यामुळे इंजिन तुटलं. ब्लॉकला मुठीएवढं भोक पडल्यावर तेल राहणार कशात, हे त्याला विचारायला हवं होतं. विचारू शकेल असा एकच माणूस तिथे होता आणि त्याने तुटलेला कनेक्टिंग तेवढ्यात फडक्यात गुंडाळून आपल्या पिशवीत टाकला होता. तो तुकडा आता लेथच्या खालच्या खणात होता. दादाला धाकट्याने सांगितलं की तुकडा पाण्यात गेला.

ताईने मात्र तपासनिसाचं लिहिणं जसंच्या तसं स्वीकारलं. तेल बघणं तिचं काम होतं. त्या सकाळी तिने पट्टी काढून बघितली होती की नव्हती, हेच तिला आठवेना. सहा आठवडे ती तेवढंच आठवत होती. जेवताना मध्येच थांबून म्हणायची की फडकं हातात घेतल्याचं आठवतंय, पट्टी पुसल्याचं आठवत नाही. समोर धाकटा बसलेला असायचा. तो म्हणायचा, "ताई, जेव."

आणि आता तेच इंजिन पुन्हा टेबलावर होतं. ताईला लाँच स्वतः चालवायची होती. चाक तिला येत होतं, परवानाही तिच्या नावावर झाला होता, पण महिनाअखेरपर्यंत लाँच पाण्यात आली नाही तर घाटाचा ठेका दुसऱ्याला जाणार होता. फुटलेल्या ब्लॉकच्या जागी गॅरेजातच पडलेला तसाच एक जुना ब्लॉक मिळाला. पिस्टन मिळाले, चौथा कनेक्टिंगही मिळाला. अडलं होतं क्रँकवर, चारही कनेक्टिंग ज्याला फिरवतात त्या जड दांड्यावर. त्या जातीचा क्रँक आता कुणी ठेवत नव्हतं, मागवला तर तीन महिने. जुना चालला तर आठवड्यात इंजिन तयार. म्हणून त्या सकाळी ताई स्वतः येऊन बाकावर बसली होती.

दादाने आधी चारही कनेक्टिंग वाजवले. चारही टणटणले. मग साखळीने क्रँक टांगला. दोन माणसांनी उचलायची ती वस्तू, दादाने तिला लहान मुलाला धरावं तसं एका हाताने स्थिर केलं आणि हातोडा मारला.

ठप.

पुन्हा दुसऱ्या टोकाला मारला. पुन्हा ठप. चौथ्या कनेक्टिंगने जाता जाता क्रँकलाही हिसका दिला होता, त्यात नवल काही नव्हतं. भोंग्याने वर पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं. दादा डोळे मिटून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की बघणाऱ्याला वाटावं, घंटा अजून वाजतेच आहे. बहुतेक त्याला ती वाजतही असावी, चाळीस वर्षं ऐकलेली.

"छान आहे," तो म्हणाला. क्रँक ट्रेत मावत नसे, म्हणून त्याच्यावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढायचा. दादाने पट्टा ओढला, हात पुसले आणि ताईला म्हणाला की पुढच्या सोमवारी घेऊन जा.

ताईच्या चेहऱ्यावर सहा आठवड्यांत पहिल्यांदा थोडा जीव आला. ती उठली, धाकट्यापाशी आली आणि हळू आवाजात, हे फक्त त्यालाच सांगायचं होतं म्हणून, म्हणाली, "आता दिवसातून तीनदा तेल बघणार मी. वहीत लिहून ठेवणार. एकदा माणूस घालवला, पुन्हा नाही चुकायची."

 याच क्रँकच्या भरवशावर ती लाँच चालवणार होती, आणि एक दिवस त्या ठोक्यांचा आवाज ऐकून चाक कुणाच्या तरी हाती देऊन खाली वाकणार होती. धाकटा टांगलेल्या क्रँकपाशी गेला आणि तळहाताने पांढरा पट्टा पुसून टाकला. रंग ओला होता, सगळा हाताला लागला.

 दादाने ते पाहिलं. पट्ट्याला दुसऱ्याने हात लावल्याचं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी त्याला रागसुद्धा आला नाही. त्याने नुसतं विचारलं, हे काय केलंस.

"हा चिरलाय, दादा."

"मी ऐकलंय की आत्ता."

"नाही ऐकलंस," धाकटा म्हणाला. मग ते पुरेसं मोठ्याने म्हटलं नाही असं वाटून त्याने पुन्हा म्हटलं, आणि ते ओरडल्यासारखं झालं. "तुला ऐकू येत नाही, दादा."

दादा हसला. आपल्या माणसाने भलत्या वेळी थट्टा केली की हसावं तसा. मग त्याने भोंग्याकडे पाहिलं. भोंगा पान्यांची पेटी लावत होता, अगदी मन लावून. दादाचं हसू गेलं. तो म्हणाला, आण खडू.

अर्धा दिवस गेला. क्रँक रॉकेलमध्ये भिजला, पुसला, खडू फासून उन्हात ठेवला. दादा त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिला, ताई बाकावर. कुणी जेवलं नाही. कुणी बोलतही नव्हतं, आणि धाकट्याच्या लक्षात आलं की दोन वर्षांत हे गॅरेज इतकं शांत कधी झालंच नव्हतं.

चारच्या सुमारास रेघ उमटली. चौथा कनेक्टिंग जिथे बसतो त्या गळ्याशी, अर्ध्या वळणाची, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक. दादाने तिच्यावरून नखही फिरवलं नाही. तो उठला, चांगला कनेक्टिंग उजव्या कानाशी धरून त्याने हातोडा मारला. मग क्रँकला कान लावून मारला. पुन्हा कनेक्टिंग, पुन्हा क्रँक. पाच-सहा वेळा त्याने तेच केलं.

"दोन्ही सारखेच लागतात मला," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं."

"घरी माहीत आहे?"

"आहे. सगळ्यांना."

दादा मान हलवत राहिला, हिशेब जुळवणाऱ्या माणसासारखा. वर्षभरापूर्वीचा दिवस त्याच्यापर्यंत पोचलेला धाकट्याला दिसला. हातोडा त्याने टेबलावर ठेवला, ट्रेपासून लांब. "मग तो चौथा कनेक्टिंग," तो म्हणाला, "तोही मीच..." 

धाकट्याने लेथचा खालचा खण उघडला. फडकं सोडून तुकडा दोघांच्या मध्ये ठेवला. तुटलेल्या तोंडाचे दोन रंग होते. एक भाग चकचकीत, त्या दुपारी फाटलेला. बाकीचा, अर्ध्याहून जास्त, काळपट आणि झिजून गुळगुळीत झालेला. तो भाग केव्हाच सुटला होता. उरलेल्या चिमूटभर पोलादावर वर्षभर माणसं नदी ओलांडत होती. हे समजायला मिस्त्री असायची गरज नव्हती. ताईने तुकडा उचलला, अंगठा आधी काळ्या भागावर आणि मग चमकत्या भागावर ठेवला.

"आणि तेल?" तिने विचारलं.

"तेल होतं, ताई. ब्लॉक फुटल्यावर गेलं."

धाकट्याला वाटलं होतं की हे ऐकून ती रडेल, आणि रडून मोकळी होईल. निदान एवढं तरी आपल्या हातून होईल. ती रडली नाही. तिने तुकडा पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि छातीशी धरला. हे सहा आठवडे खणात होतं का, असं तिने विचारलं. तो हो म्हणाला. मग तिने विचारलं की गेल्या वर्षी दादाने हा वाजवला तेव्हा तू कुठे होतास. त्याने लेथकडे बोट केलं. चार पावलं. खोटं बोलायला अजूनही जागा होती. लेथ चालू होता, आवाजात कळलं नाही, एवढंच म्हणायचं होतं, आणि तिने ते मानलंही असतं.

"ऐकू आलं होतं तुला?"

"आलं होतं."

 ताईने आवाज चढवला नाही. एक वाक्य बोलली, पदर सावरला आणि तुकडा घेऊन निघून गेली. जाताना तिने, पुन्हा स्टुलावर बसलेल्या दादाच्या खांद्यावर हात ठेवला. धाकट्याच्या जवळून ती गेली नाही.

दादाने तिचे ओठ हललेले पाहिले होते. तो स्टुलावर वळला, नेहमीसारखा उजवा कान पुढे केला आणि विचारलं, "काय म्हणाली?"

धाकटा त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. दोन वर्षं तो लोकांचं बोलणं गोड करून दादाच्या कानात घालत होता, आत्ताही जिभेवर काहीतरी आलं होतं, थकलीये, उद्या येते म्हणाली, असं काहीतरी. त्याने ते गिळलं.

"म्हणाली, दादाला ऐकू येत नव्हतं. तुला येत होतं."

दादाने कानामागे हात धरला. "मोठ्याने बोल जरा."

भोंगा हातातला पाना धरून थांबला होता. धाकट्याने आवाज चढवला आणि तेच वाक्य, एकही शब्द न बदलता, पुन्हा म्हटलं.